मदत हवी आहे: पाऊण चेहऱ्यातलं नाक बसत नाही

तीन महिने बोरिवली-चर्चगेट स्लो लोकलमध्ये समोरच्यांचे डोळे, नाक, कान २बी पेन्सिलने वहीत काढतोय. कान बऱ्यापैकी जमतात. डोळे डोक्याच्या उंचीच्या मधोमध, दोन डोळ्यांत एका डोळ्याएवढं अंतर, हे माप समोरून कामी येतं. पण माणूस जरा खिडकीकडे वळला, म्हणजे चेहरा पाऊण दिसू लागला, की माझ्या चित्रात पलीकडची नाकपुडी फार रुंद होते आणि नाक गालावर चिकटवल्यासारखं दिसतं.

आधी नाकाचा साधा ठोकळा काढून पाहिला, नुसत्या सावल्या भरून पाहिल्या. आरशात स्वतःचं नाक काढलं, पण मान वळवली की नजरही हलते. फोटोवरून काढायचं नाही. क्लासला वेळ नाही. रविवारी मात्र फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शिल्पांसमोर बसू शकतो, ती तरी हलणार नाहीत.

पलीकडची नाकपुडी बसवताना तुम्ही आधी काय पकडता: नाकाच्या दांड्याची रेघ, की नाकाच्या बुडाचा त्रिकोण?