मदत हवी आहे: शाळेतल्या मैत्रिणीच्या लग्नाचे फोटो, गोरज मुहूर्त, बंदिस्त कार्यालय

कैरीचं_पन्हं
नमस्कार मंडळी. वर्गमैत्रिणीचं लग्न पुढच्या महिन्यात सांगलीला आहे. मंगलाष्टकं गोरज मुहूर्तावर, होम आणि सप्तपदी त्यानंतर. व्हिडिओवाला ठरलाय, फोटो मात्र मीच काढायचे असं तिने परस्पर ठरवून टाकलंय.

सामान: कॅनन २००डी मार्क टू, १८-५५ची किट लेन्स, ५० एमएम एफ/१.८, दोन बॅटऱ्या, ६४ जीबीची दोन कार्डं. फ्लॅश नाही. ओळखीतून एक जुना मॅन्युअल फ्लॅश मिळतोय. कार्यालयाचं छत अंदाजे १८ फूट उंच, स्टेजवर मरून-सोनेरी कापड, हॉलमध्ये ट्यूब, स्टेजवर एलईडी.

अंतरपाट दूर होतानाचा फोटो चुकता कामा नये. कुठे उभी राहू, आणि सेटिंग काय ठेवू? फ्लॅश छतावर मारून चालेल का?

उजेडवाला
आधी त्या फ्लॅशचं. तुमच्या बॉडीच्या हॉट शूला, म्हणजे वर फ्लॅश बसवायच्या खाचेला, मधली पिन नाही. जुना मॅन्युअल फ्लॅश किंवा साधा ट्रिगर त्या एका पिनवरच चालतो, त्यामुळे तो लावलात तरी उडणार नाही. कॅननच्या ई-टीटीएलवर (फ्लॅशचा जोर कॅमेराच ठरवतो ती पद्धत) चालणारा भाड्याने घ्या, आणि पैसे देण्याआधी दुकानात आपल्याच कॅमेऱ्यावर लावून दोन फोटो काढून बघा.

छतावर मारायचा तर छत पांढरंच हवं. स्टेजवर कापडाचं छत लावलं असेल तर मरून कापडावरून परतलेला उजेड लाल होऊन येतो आणि तोंडं भाजल्यासारखी दिसतात. तसं असेल तर फ्लॅशचं डोकं वर करून मागे पोस्टकार्डाएवढा पांढरा पुठ्ठा रबरबँडने बांधा. १८ फुटांवरून उजेड परत येईतो बराच विरतो, म्हणून आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ४०० धरून बसू नका. आयएसओ १६००, एफ/४ (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं ते मोठं), शटर १/१०० सेकंद इथून सुरुवात करा.

१/१०० का? आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. १/१०० किंवा १/५० ला पूर्ण फेरा पकडला जातो. १/२५० ला एक फोटो उजळ, पुढचा काळपट, कधी फोटोत आडवे पट्टे.

तिसरी_घंटा
अंतरपाटाबद्दल. गुरुजींना आदल्या दिवशीच विचारा, पाट कोणत्या बाजूला ओढणार? त्याच्या विरुद्ध टोकाला उभ्या राहा. ओढायच्या बाजूला राहिलात तर ऐन वेळी कापड लेन्सवर येतं. पाटाच्या रेषेत उभं राहिलं की दोघांचे चेहरे बाजूने, समोरासमोर मिळतात. नवरीच्या मागे मामा आणि कलश घेतलेल्या करवल्या असतात, त्यामुळे दुसरीकडून फक्त पाठी दिसतात.

प्रत्येक ‘सावधान’ला अक्षता पडतात, म्हणून अक्षतांचे आणि पाहुण्यांचे फोटो पहिल्या तीन-चार अष्टकांतच उरका. नंतर कोणी आत्या स्वतः रचलेलं म्हणायला उठते, किती लांबेल ते गुरुजीही सांगू शकत नाहीत. ‘तदेव लग्नं’ कानावर पडलं की जागा सोडायची नाही. मात्र बटण तेव्हाच दाबून ठेवू नका. तुमचा कॅमेरा सेकंदाला पाच फोटो घेतो, पण रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मोठी फाइल) दोनेक सेकंदांत बफर, म्हणजे कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात ती जागा, भरतो आणि नेमका हार घालताना अडतो. पाटाची कड हलली की दाबा.

इथे किट लेन्स २४-३५ च्या आसपास, एफ/५ ते ५.६. दोन्ही चेहरे धारदार हवेत, तिथे ५० एमएम एफ/१.८ ला उघडी टाकण्यात अर्थ नाही.

उजेडवाला
बाकी सगळं मान्य, एफ/५.६ ला एक पुरवणी. तिथे आयएसओ ३२०० करा. त्या एका क्षणापुरता शटर १/२०० करा, ही तुमच्या कॅमेऱ्याची फ्लॅशसोबतची कमाल मर्यादा. पट्ट्यांचा थोडा धोका पत्करावा लागेल, पण १/१०० ला उंचावलेले हात फिसकटतात. व्हिडिओवाल्याशी आधीच बोलून ठेवा. त्याचा दिवा पाटाच्या रेषेपासून थोडा तिरपा, तुमच्याच बाजूला असेल तर फ्लॅश निम्म्यावर आणता येईल.

मुंडावळी_आणि_मॅक्रो
सगळे अंतरपाटावरच अडलेत. फोटो बिघडतात ते दुसरीकडे.

मुंडावळ्या: ऑटोफोकस डोळ्याऐवजी लोंबणाऱ्या मोत्यांवर बसतो. ५० एमएमला दीड मीटरवरून एफ/१.८ ला जेमतेम सहा सेंटिमीटर भाग धारदार येतो, म्हणजे मोती स्पष्ट आणि डोळे पुसट. एफ/२.८ ठेवा, व्ह्यूफाइंडरमधला मधला एकच बिंदू निवडा, तो डोळ्यावर धरा. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून काढताना, डोळा ओळखणारा फोकस आहे, पण बॅटरी सुमारे ३२० फोटोंत संपते. व्ह्यूफाइंडरने हजाराच्या पुढे जाते. गौरीहर आणि सूनमुख यांच्यापुरता लाइव्ह व्ह्यू वापरा.

गौरीहर: खोली लहान, नवरी खाली बघत असते. पिवळ्या अष्टपुत्रीचा रंग हनुवटीवर चढतो, म्हणून रॉमध्येच काढा. फ्लॅश नको.

होम: धुरावर समोरून फ्लॅश मारला की पांढरा पडदा तयार होतो. बंद करा, धूर जातोय त्याच्या विरुद्ध बाजूला बसा. कानपिळीला नवरीच्या भावाला आधीच सांगून ठेवा की कान दोन सेकंद धरून ठेव. तो आनंदाने धरतो!

सूनमुख: आरशाच्या चौकटीवर नव्हे, आतल्या चेहऱ्यावर फोकस. दोन्हींची अंतरं वेगळी असतात. एफ/५.६, फ्लॅश बंद.

हळद: लेन्सवर फिल्टर, बॉडीवर प्लास्टिकची पिशवी, आणि तिथे लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही.

कैरीचं_पन्हं
पिनचं माहीतच नव्हतं, वाचवलंत. आता दोन शंका. लाल शालूचा पोत फोटोत दिसतच नाही, नुसता लाल डाग येतो. आणि शाळेची आमची सव्वीस जणांची बॅच येणार आहे, त्यांचा ग्रुप कसा काढू?

उजेडवाला
शालूसाठी आरजीबी हिस्टोग्राम (लाल, हिरव्या, निळ्या उजेडाचे वेगवेगळे आलेख) लावा. साध्या आलेखात सगळं ठीक दिसतं, पण लाल वाहिनी उजव्या भिंतीला टेकलेली असते. तिथे उजेड दोन तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) कमी करा, चेहरा नंतर रॉमधून उचलता येतो.

तिसरी_घंटा
बॅचचा फोटो पंगतीआधी. जेवण झालं की निम्मे पार्किंगमध्ये सापडतात. तीन रांगा: नऊ जण खुर्च्यांवर, नऊ मागे उभे, आठ स्टेजच्या पायरीवर. लेन्स २४ वर, एफ/८, फोकस मधल्या रांगेवर. १८ वर नेलंत तर कडेच्या मंडळींचे चेहरे ताणले जातात, आणि वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. सहा-सात फोटो घ्या, सव्वीसांत कोणीतरी डोळे मिटणारच.

नातेवाइकांच्या ग्रुपची यादी मैत्रिणीकडून लिहून घ्या, आणि दोन्हीकडचा एकेक माणूस हाका मारायला मागा. कोण मावसकाका, कोण शेजारचे काका, हे तुम्हाला चेहऱ्यावरून कळणार नाही.

मुंडावळी_आणि_मॅक्रो
कार्डाचं राहिलं. तुमच्या कॅमेऱ्यात एकच खाच आहे. ६४ जीबीत रॉचे साधारण दोन हजार बसतात, तरीही कार्ड भरायची वाट बघू नका. मंगलाष्टकं झाली की हार-तुऱ्यांच्या गडबडीत पहिलं काढून आतल्या खिशात ठेवा, दुसरं घाला. वरातीपर्यंत पहिलं कॅमेऱ्यात परत जाता कामा नये.

कैरीचं_पन्हं
गुरुजींचा नंबर मैत्रिणीकडून घेतला, फोन झाला. पाट स्वतःकडे ओढणार म्हणाले, आणि ते स्टेजच्या मागच्या बाजूला असतील. म्हणजे मी पुढच्या कडेला, पाहुण्यांकडे पाठ करून. खाली गुडघ्यावर बसणार आहे, नाहीतर पहिल्या रांगेतल्या आज्यांना काहीच दिसणार नाही.