मदत हवी आहे: एनव्हीडीए आणि मॅग्निफायर दोन्ही चालवायला लॅपटॉप

नजर अंधूक आहे. वाचन एनव्हीडीएवर (स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर), तक्ते बघताना विंडोज मॅग्निफायर (स्क्रीन मोठी करून दाखवणारं). बजेट ५५ हजार, दुरुस्ती लातुरातच व्हायला हवी. काम वर्ड, एक्सेल आणि मराठी युनिकोड टायपिंगचं. १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि मॅट स्क्रीन हे पक्कं. चकचकीत स्क्रीनवर खिडकीचा उजेड पडला की मोठं केलेलं अक्षरही दिसत नाही. मॅक नको.

अडलंय ते कीबोर्डवर. एनव्हीडीएचा डेस्कटॉप लेआउट (आज्ञांच्या कळांची मांडणी) नमपॅडवर, म्हणजे उजवीकडच्या आकड्यांच्या कळांवर चालतो, म्हणून १५.६ इंची बघतोय. पण दुकानात हाताळलेल्या मॉडेलांत नमपॅड मुख्य कळांना अगदी चिकटलेलं, एनव्हीडीए कळ म्हणून (आज्ञा देताना इतर कळांसोबत दाबायला) लागणारा शून्य बारका, आणि राइट-क्लिकचा मेनू उघडणाऱ्या कळीच्या जागी कोपायलटची (मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनिसाची) कळ. शिफ्ट एफ१० ने मेनू उघडतो, पण तिथं एफ१० साठी आधी एफएन दाबावं लागतं. कॅप्स लॉकचा लॅपटॉप लेआउट वापरून पाहिला. जमतो, पण ओळ-शब्द-अक्षर तपासायला नमपॅडच सरस.

नमपॅड आणि मुख्य कळांमध्ये बोटाला जाणवेल एवढी फट कोणत्या मॉडेलात आहे? की १४ इंची घेऊन यूएसबी नमपॅड वेगळं जोडावं?