निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे धोका संपला असं नाही
इंदूरच्या ग्रीन कॉरिडॉरवर (दान केलेले अवयव झटपट नेण्यासाठी मोकळा केलेला रस्ता) बोलताना कुणीतरी लिहिलंय की अवयवदात्याचे संसर्गाचे रिपोर्ट निगेटिव्ह आले म्हणजे काळजी मिटली. तसं नसतं हो. हिपॅटायटिस सी या यकृताच्या विषाणूविरुद्ध शरीर तयार करतं त्या अँटीबॉडी रक्तात दिसायला लागण झाल्यापासून 8 ते 11 आठवडे लागतात; तोवर रिपोर्ट निगेटिव्हच येतो. नॅट चाचणी विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय पदार्थ, थेट शोधते, म्हणून हा काळ साधारण आठवड्यावर येतो. शून्यावर नाही. दुसरी गोम नमुन्याची. अपघातातल्या दात्याला भराभर रक्त, सलाइन चढवलेलं असतं; अँटीबॉडी पातळ होतात आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. रक्त चढवण्याआधी घेतलेल्या नमुन्याची नळी जपून ठेवायलाच हवी! दात्याला मेंदूज्वर झाला असेल आणि त्याचं कारण कळलं नसेल तर अवयव घेऊच नयेत. 2004 मध्ये अमेरिकेत एका दात्याकडून रेबीज झालेले चारही रुग्ण दगावले. म्हणून दात्याला प्राणी चावला होता का, हे नातेवाइकांना खोदून विचारा.