हॅलोफिलिक, म्हणजे मिठात वाढणाऱ्या, बॅक्टेरियाला मराठीत काय म्हणावं? क्षारप्रेमी की लवणप्रेमी?

माझी भाची इथे नागपुरात मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करून राहिली. खाऱ्या तळ्यातले सूक्ष्मजीव वाढवायचे आणि सिक्वेन्सिंग करून, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचून, ते कोणते हे ओळखायचं, असा तिचा प्रोजेक्ट आहे. विज्ञान दिनाला मराठीत पोस्टर लावायचंय, मी शीर्षकात 'क्षारप्रेमी जीवाणू' लिहून दिलं तर तिची हिंदी मीडियमची मैत्रीण म्हणे मावशी हे चूक आहे, क्षार म्हणजे तर अल्कली. आम्ही तर शाळेत आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार आणि पाणी असंच शिकलो. कोणाचं बरोबर?

—

ताई, दोघींचंही बरोबर आहे आणि म्हणूनच तो शब्द नको. हिंदीत सॉल्ट म्हणजे लवण अन् क्षार म्हणजे अल्कली, मराठी पुस्तकात सॉल्टलाच क्षार म्हणतात, आणि आपल्या नागपुरात दोन्ही पुस्तकं वाचलेली पोरं एकाच बेंचवर बसतात. त्यात लोणारचं पाणी खारट तर आहेच, वर पीएच १० च्या आसपास, तिथे मीठ आणि अल्कली दोन्ही मानवणारे जीव सापडतात, मग क्षारप्रेमी म्हटल्यावर वाचणाऱ्यानं काय समजायचं? लवणप्रेमी लिहा. लवण शब्द काही परका नाही, लोणच्यातलं लोण तेच, लोणारची कथाही लवणासुराचीच.

पण माझा खरा आक्षेप 'जीवाणू'वर आहे. जून २०२० मध्ये लोणार गुलाबी झालं ते हॅलोआर्किया या मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, आणि आर्किया म्हणजे बॅक्टेरिया नव्हेत. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कार्ल वूज यांनी १९७७ मध्ये रायबोसोमच्या (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या) आरएनएची तुलना करून हे वेगळं घराणं दाखवलं, तरी त्यातल्या एकाचं नाव हॅलोबॅक्टेरियम असं जुनंच राहिलं. हा नुसता शब्दाचा कीस नाही. आम्ही एकदा नमुन्यावर जीवाणू लिहिलं म्हणून बॅक्टेरियाचेच प्रायमर (हव्या त्या जनुकाला चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरले, त्या जनुकाच्या प्रती काढायला तीनदा पीसीआर केला, जेलवर बँडच नाही, म्हणजे प्रती निघाल्याच नाहीत. डीएनए तर छान निघाला होता, या पेशींना साधं डिस्टिल्ड वॉटर घातलं तरी फुटतात. मग आर्कियाचे प्रायमर घातले आणि पहिल्याच खेपेला बँड आली. त्याच रायबोसोमच्या आरएनएचं १६ एस जनुक साधारण १,५०० अक्षरांचं, ते वाचून डेटाबेसशी ताडलं की कोणाचा नातेवाईक ते कळतं, पण आधी जनुक हाती तर लागायला हवं.

तेव्हा 'लवणप्रेमी सूक्ष्मजीव' लिहा, त्यात दोन्ही घराणी येतात. अन् सिक्वेन्सिंगला क्रमवाचन म्हणा. जनुकीय क्रमनिर्धारण बरोबरच आहे पण पोस्टरपुढे उभं राहून कोणी ते दोनदा वाचणार नाही.

—

क्रमवाचन फारच आवडलं, लगेच बदलते. पोरीनं आत्ताच प्लेटचा फोटो पाठवला, तीन आठवडे झाले म्हणे, टाचणीच्या डोक्याएवढे लालसर गुलाबी ठिपके आलेत आणि कडेनं मिठाचे खडे धरलेत. प्रायमर कोणते मागवले ते आधी विचारते तिला.