रोम. 13 मधली तलवार: मेनोनाइट, क्वेकर आणि ब्रदरन यांचं उत्तर काय?

पैलतीर:
आमच्या बायबल अभ्यासगटात ‘ख्रिस्ती माणूस आणि युद्ध’ हा विषय घ्यायचा आहे. मेनोनाइट, क्वेकर आणि चर्च ऑफ द ब्रदरन यांना मिळून ‘ऐतिहासिक शांतिवादी चर्च’ म्हणतात, इतकं माहीत आहे. पण गटात कोणीतरी रोम. 13:4 (पौलाचं रोमकरांस पत्र) काढणारच: अधिकारी तलवार उगाच धारण करत नाही. त्यावर हे लोक काय म्हणतात? शिवाय येशूनेच शिष्यांना तलवार विकत घ्यायला सांगितलं (लूक 22:36), मंदिरात चाबूक उचलला. नेमकी वचनं सांगाल का?

वाचनप्रेमी:
13:1 पासून सुरुवात करूच नका. अध्यायांची विभागणी 13व्या शतकातली आहे, पौलाची नाही. 12:14 ते 13:10 सलग, मोठ्याने वाचून घ्या. 12:19 मध्ये विश्वासणाऱ्यांना सांगितलंय की सूड घेऊ नका, देवाच्या क्रोधाला वाट द्या. सहाच वचनांनंतर अधिकारी हा तो क्रोध अमलात आणणारा सेवक ठरतो. म्हणजे मंडळीला जे मना केलं, तेच काम तिथे सत्तेकडे आहे. देव सत्तेकडून काम करून घेतो, म्हणून ते ख्रिस्ती माणसाने हाती घ्यावं असं निघत नाही. यशया 10:5 मध्ये अश्शूर हा देवाच्या क्रोधाचा सोटा आहे. पण इस्राएलाने अश्शूरच्या फौजेत भरती व्हावं असं तिथे कुठे म्हटलंय?

लूक 22 मध्ये 36 वर थांबलात तर फसाल. 37 मध्ये कारण दिलंय: ‘तो अपराध्यांत गणला गेला’ हे यशयाचं वचन पूर्ण व्हायचं होतं. 38 मध्ये सगळ्यांत मिळून दोनच तलवारी निघतात आणि तो ‘पुरे’ म्हणतो. 49 ते 51 मध्ये तलवार खरोखर चालते, तेव्हा तो अडवतो आणि कापलेला कान बरा करतो. चाबूक फक्त योहान 2:15 मध्ये येतो, तोही मेंढरं आणि गुरं हाकताना. तो माणसांवरही उगारला का, यावर व्याकरणाचा वाद घालत बसू नका, वेळ जातो.

खरी अडचण लूक 3:14 आणि विश्वास ठेवणारा रोमी शताधिपती कर्नेल्य (प्रेषितांची कृत्ये 10) यांची आहे. लूक 3 मध्ये बाप्तिस्मा करणारा योहान शिपायांना लुबाडू नका म्हणतो, नोकरी सोडा म्हणत नाही. मौनावरून निष्कर्ष काढू नये, हे शांतिवाद्यांचं उत्तर मला अपुरं वाटतं. गटात ते तसंच कबूल करा.

उंबरठा:
वरचं उत्तर मेनोनाइट घडणीचं आहे, तिघांचं म्हणून मांडू नका. त्याचं मूळ 24 फेब्रुवारी 1527 च्या श्लाइटहाइम कबुलीत, म्हणजे अॅनाबॅप्टिस्टांच्या श्रद्धा-निवेदनात. अॅनाबॅप्टिस्ट म्हणजे प्रौढपणी, स्वतःच्या विश्वासाने बाप्तिस्मा घेणारे; मेनोनाइट त्यांच्यातूनच आले. मिखाएल झाटलरच्या पुढाकाराने सात कलमं ठरली. सहाव्यात म्हटलंय की तलवार देवानेच नेमली, पण ‘ख्रिस्ताच्या परिपूर्णतेबाहेर’. मंडळीच्या आत शिक्षा एकच, बहिष्कार. ख्रिस्ती माणसाने दंडाधिकारीही व्हायचं नाही. मात्र त्याच वर्षी बाल्थासार हुबमायर या अॅनाबॅप्टिस्टानेच उलट मत मांडलं, त्यामुळे ‘सगळे अॅनाबॅप्टिस्ट’ असं सरसकट म्हणू नका.

क्वेकरांचा पाया वेगळा: प्रत्येक माणसात ख्रिस्ताचा प्रकाश आहे. लंडनमध्ये व्हेनरचं सशस्त्र धार्मिक बंड झाल्यावर जानेवारी 1661 मध्ये त्यांनी इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला लिहून दिलं की आम्ही कोणत्याही कारणासाठी शस्त्र धरणार नाही. पण सत्ता त्यांना वर्ज्य नव्हती. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात त्यांचं कित्येक दशकं वर्चस्व होतं. 1756 मध्ये युद्ध जाहीर झाल्यावर काही सभासदांनी जागा सोडल्या. म्हणून ‘पोलिसांचं काय?’ या प्रश्नावर क्वेकर आणि जुने मेनोनाइट एकाच ओळीत बसत नाहीत.

ब्रदरन 1708 चे, जर्मनीत श्वार्त्सेनाऊला एडर नदीत आठ जणांनी बाप्तिस्मा घेतला तिथून. नव्या करारापलीकडे श्रद्धासूत्र त्यांना नको असतं. त्यांचं मिशन आपल्याकडे डहाणूतही होतं. तिघांना एकत्र बांधणारं नाव रूढ झालं ते 1935 च्या न्यूटन, कॅन्सस इथल्या बैठकीपासून.

सावली:
एक गोष्ट राहिली. ‘दुष्टाला अडवू नका’ (मत्तय 5:39) हे घरात मार खाणाऱ्या बाईला सांगितलं जातं, आणि मेनोनाइट स्त्री-धर्मशास्त्रज्ञांनी यावरच बोट ठेवलंय. जॉन हॉवर्ड योडर हा या परंपरेचा सर्वांत गाजलेला विचारवंत. अनेक स्त्रियांवरील लैंगिक अत्याचारांमुळे 1992 मध्ये त्याचा पाळकीय परवाना निलंबित झाला. त्याची मांडणी गटात घेणार असाल तर हेही सांगा. आणि मत्तय 18:15 मधला ‘आधी एकांतात भेटून सांग’ हा नियम पीडितेवर लादू नका. अशा प्रकरणांत तोच गुन्हेगाराच्या सोयीचा ठरतो. तिच्या सुरक्षेची सोय आणि पोलीस तक्रार आधी, समेटाची भाषा नंतर.