एकट्या राहणाऱ्या सिद्दी आजींच्या घराचा हक्क : प्रथम काय करावे?

प्रश्न :
बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आमच्या गावाबाहेर, रानाच्या कडेला एक सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या समाजातील) आजी पती वारल्यापासून एकट्याच राहतात. वय सत्तरीच्या पुढे आहे, तरी परसात नाचणी करतात, कोंबड्या पाळतात आणि दुपारी दारात बसून जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची कवंदी, म्हणजे गोधडी, शिवतात. उत्तर कन्नडमधील हल्याळकडचे भाचे त्यांना घेऊन जाऊ म्हणतात; आजींचे उत्तर ठरलेले आहे, "हे घर सोडून मी जायची नाही." घर आणि वीसेक गुंठे जमीन वनखात्याच्या हद्दीत असून कागद एकही नाही. मी शेजारची शिक्षिका आहे व कन्नड अर्ज लिहू शकते.

उत्तर १ :
ताई, सर्वांत आधी वनहक्काचा दावा करा. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा मान्य होतो. परंतु अनुसूचित जमातीत नसलेल्यांना ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. उत्तर कन्नडचे सिद्दी अनुसूचित जमातींच्या यादीत आले तेव्हा बेळगावचे सिद्दी त्या यादीबाहेर राहिल्याने हीच अट त्यांना आडवी येत असे. २०२० च्या दुरुस्तीने बेळगाव व धारवाडच्या सिद्दींचाही समावेश झाला, म्हणून जातीचा दाखला प्रथम काढा. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्यावा. कागद नसले तरी गावातील इतर वृद्धांचा लेखी जबाब आणि जागेवरचे घर, बांध यांसारख्या खुणा पुरावा म्हणून चालतात. पट्टा (हक्काचा कागद) आजींच्या एकट्यांच्या नावे होतो. तो विकता येत नाही, पण वारशाने जातो आणि थेट वारस नसल्यास जवळच्या नातलगांकडे जातो, हे भाच्यांनाही सांगावे. दावा फेटाळला गेल्यास ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागता येते.

उत्तर २ :
वृद्धाप्यवेतन आणि रेशन चालू आहे का, तेही पाहा. माझ्या सासूबाईंची बोटे कामाने झिजल्यामुळे रेशन दुकानातील यंत्रावर अंगठा उमटेना आणि दोन महिने तांदूळ अडला. आजींच्या हातात तर रोज सुई आहे, म्हणून त्यांचा अंगठा उमटतो का, ते बघून घ्या.

उत्तर ३ :
सिद्दी वस्त्यांत आरोग्यसेविका म्हणून मी बरीच वर्षे फिरले. कवंदीच्या चारही कोपऱ्यांना कापडाच्या घडीचे "फूल" लावल्याशिवाय तेथील बायका ती पुरी झाली असे मानत नाहीत, आणि आपल्या कागदाबाबतही आजी तितक्याच काटेकोर असतील. अर्ज कन्नडमध्ये जाईल, परंतु अंगठा घेण्यापूर्वी तो त्यांच्या कोकणीत वाचून दाखवा.

प्रश्नकर्ती :
वाचून दाखवला. पतीचे नाव चुकले होते, ते त्यांनीच दुरुस्त करून घेतले. जबाबासाठी दोन म्हातारी माणसे सोमवारी येणार आहेत.