मदत हवी आहे : जातीवरून कुत्री बाहेर काढायचा सोसायटीचा ठराव

मंडळी, मी जुळे सोलापुरात राहतो. घरी पाच वर्षांची रॉटवायलर आहे, राणी. दिसायला दणकट, पण कुकरची शिट्टी झाली की दिवाणाखाली पळते आणि जुन्या सोलापुरी चादरीवर बसून कडक भाकरी कुरतडते. आजवर कुणाला चावलेली नाही. लस, नसबंदी झालेली.

तरी परवाच्या बैठकीत ठरलं, 'केंद्राने बंदी घातलेल्या २३ जाती' पंधरा दिवसांत बाहेर. पुरावा काय, तर १२ मार्च २०२४ चं परिपत्रक. ते एप्रिल २०२४ मध्येच आधी कर्नाटक आणि मग दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केलं, असं सांगितलं तर म्हणे, 'आपण महाराष्ट्रात आहोत ना?'

शेजाऱ्यांची भीती कळते ओ, लहान पोरं आहेत. पट्टा, मुसकं, लिफ्टऐवजी जिना, सगळं मान्य. पण न चावलेल्या कुत्रीला नुसत्या जातीवरून शिक्षा?

असा ठराव कुणी उपनिबंधकांकडे नेलाय का? अर्ज कसा लिहिला? आणि बहुमतानेही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, हे सांगणारं प्राणी कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक मराठीत कुणाकडे आहे का? इंग्रजी कागद दिला की आमच्या चेअरमनकाकांना चष्मा सापडत नाही.